फोटो प्रिंटर घ्यायचाय? आधी गेल्या वर्षीचे फोटो मोजा

घरी फोटो प्रिंटर घेऊ का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: गेल्या बारा महिन्यांत स्टुडिओतून किती फोटो छापून आणलेस? उत्तर येतं, तीस-चाळीस. "पण घरी मशीन असलं की जास्त काढू ना!" हे वाक्य मीही म्हटलं होतं. नाही काढले.

1. खरा आकडा कागदावर लिहा. पासपोर्ट फोटोंच्या नावाखाली तो फुगवू नका. 35 बाय 45 मिलिमीटरचे आठ फोटो 4 बाय 6 इंचांच्या एकाच कागदावर बसतात.

2. प्रकार ठरवा. शाईचा इंकजेट, किंवा रिबनवर, म्हणजे रंगाचा थर असलेल्या फितीवर, चालणारा डाय-सब्लिमेशन. खिशात मावणारे छोटे प्रिंटर वाढदिवसाला मजेचे, अल्बमसाठी नाहीत.

3. एका फोटोचा खरा खर्च काढा. मी इथेच फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खोक्यावर "इतकी हजार पानं" असं छापलेलं असतं. तो आकडा बहुधा आयएसओ/आयईसी 24712 या आंतरराष्ट्रीय मानकातल्या ठरावीक चाचणी-पानांवर मोजलेला असतो. त्या पानांवर मजकूर, थोडी चित्रं आणि भरपूर पांढरी जागा असते. फोटोत कडेपासून कडेपर्यंत शाई लागते. त्या आकड्याने शाईच्या किमतीला भागून "फोटो दोन रुपयांत पडतो" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

मग मशीनची किंमत. समजा 12,000 रुपये, चार वर्षं टिकलं, वर्षाला 200 फोटो काढले. एका फोटोमागे 15 रुपये नुसत्या मशीनचे! शाई आणि फोटो पेपर त्यावर. आमच्या कोपऱ्यावरचा स्टुडिओ 4 बाय 6 चे 12 रुपये घेतो.

तिसरा खर्च कुणी धरतच नाही: शाई वाळण्याचा. माझा इंकजेट जूनपासून बंद होता. गणपतीत पाहुण्यांसमोर मोठ्या हौसेने लावला, तर आत्याच्या कपाळावर आडवे पट्टे आणि सगळ्यांचे चेहरे हिरवट. नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, तपासणीचं पान काढलं. किरमिजी रंगाच्या जाळीत निम्म्या रेघा गायब. हेड क्लीनिंग (ही छिद्रं असलेल्या भागाची सफाई) एकदा, दोनदा, पाचदा केलं. प्रत्येक वेळी चांगली शाई हेडमधून खेचून आतल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये ओतली जाते, आणि तो पॅड भरला की मशीन कामच थांबवतं. शेवटी चार धड फोटो निघाले, पण टाकी डोळ्यांदेखत उतरली होती. पाहुणे तोवर मोदक खाऊन गेलेही.

वर माझीच एक चूक: काम झालं की मी भिंतीवरचं बटण बंद करायचे. तसं करू नका. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबा, म्हणजे हेड जागेवर जाऊन त्यावर झाकण बसतं. ते उघडं राहिलं की शाई लवकर वाळते. आणि आठवड्याला एक रंगीत पान काढायचंच, गरज असो-नसो. हे पथ्य जमणार नसेल तर इंकजेट घेऊच नका, मग तो कितीही सवलतीत मिळो.

रिबनच्या मशीनला ही भानगड नाही. त्यात कागद चार वेळा आत-बाहेर होतो: पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक थर. उन्हाळाभर कपाटात पडलं तरी वाळायला त्यात शाईच नसते. 108 कागदांच्या पाकिटात रिबनही 108 फोटोंपुरतीच, त्यामुळे पाकिटाच्या किमतीला 108 ने भागलं की कागद-रंगाचा खर्च कळला. मात्र या घरगुती मशीनमधून पोस्टकार्डाएवढाच फोटो निघतो. मुलांच्या प्रोजेक्टचं ए-4 पान विसरा.

4. फाइल तपासा. 4 बाय 6 ला 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात; व्हॉट्सअ‍ॅपवर चार ग्रुप फिरून आलेला फोटो नको, मूळ मागवा.

5. आता ठरवा. महिन्याला दहापेक्षा कमी फोटो असतील तर स्टुडिओच बरा, उगाच शोभेचं खोकं आणू नका. दर आठवड्याला घरात रंगीत छपाई होतच असेल तर इंक टँक, म्हणजे टाकीत शाई भरायचा इंकजेट, घ्या. मधूनच, पण लगेच हातात फोटो हवा असेल तर रिबनचं मशीन. फक्त ते घेण्याआधी त्याच मॉडेलचं कागद-रिबनचं पाकीट तुमच्या गावात किंवा ऑनलाइन कितीला मिळतं ते बघा आणि मशीनसोबतच दोन पाकिटं मागवा.