इझाकायात जेवायला जाताय? या चुका टाळा

तोक्योत राहायला लागल्यापासून पुण्या-मुंबईहून येणाऱ्या किती जणांना इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यात, नेलं याची मोजदाद नाही. लहान बशांमधून सगळ्यांनी मिळून थोडं थोडं खायचं, सोबत बिअर किंवा साके, आणि दोन तास निवांत गप्पा. इतकी साधी जागा, पण चुका दर वेळी त्याच.

सगळं एकदम मागवणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. गेल्या हिवाळ्यात चौघांना तोक्योतल्याच शिंबाशी भागात रेल्वेपुलाखालच्या एका छोट्या दुकानात नेलं. फोन आला म्हणून मी बाहेर गेले, तेवढ्यात त्यांनी कुठल्याशा रीलमधली यादी दाखवून सोळा बशा मागवल्या. टेबल जेमतेम दोन हात लांब! इथे आधी हे, मग ते असा क्रम नसतो. जे तयार होईल ते येतं. त्यामुळे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, सगळ्यांत आधी आले. कोळशावर काड्यांना लावून भाजलेली याकितोरी (कोंबडीचे तुकडे) सावकाश होते, ती आली तेव्हा टेबलावर जागाच नव्हती. काराआगे, म्हणजे तळलेलं चिकन, खालच्या बशीत मऊ पडलं, काड्यांवरची चरबी थिजली, निम्मं तसंच राहिलं. उठताना शेगडीपाशी उभ्या असलेल्या आजोबांकडे मला बघवलं नाही.

मी काय करते? आधी पेय आणि एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा. मग साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप. ती संपत आली की भाजलेलं, त्यानंतर तळलेलं, एका वेळी दोन-तीनच बशा. भात किंवा नूडल्स अगदी शेवटी. त्याला ‘शिमे’ म्हणतात. पुढची बशी हवी असली की मोठ्याने ‘सुमिमासेन’ (‘जरा ऐका’) अशी हाक मारायची, इथे तो उद्धटपणा नाही. सारखं काय मागवत बसायचं, असा ज्यांना कंटाळा येतो त्यांनी सरळ रामेन, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, खायला जावं. एक वाडगा, दहा मिनिटं, मोकळे.

न मागितलेल्या वाटीवरून भांडणं

बसल्या बसल्या एक छोटी वाटी येते. तिला ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी. माणशी साधारण 300 ते 500 येन बिलात लागतात. ही फसवणूक नाही, बसण्याचा आकार आहे. काही साखळी दुकानांत आधीच सांगितलं तर नाकारता येते. खाऊन झाल्यावर हुज्जत घालू नका. टीप मात्र द्यायची नाही.

‘नो मीट’ म्हणून निर्धास्त होणं

माझ्या शाकाहारी आत्याला मी स्वतः आगेदाशी तोफू खाऊ घातलं. तळलेलं तोफू, वर पातळसा रस. तिला फार आवडलं. तो रस दाशीचा, म्हणजे बोनितो माशाच्या वाळवलेल्या, धुरावलेल्या कापांचा, हे मला घरी आल्यावर उमगलं. तिला सांगताना माझा जीव कसनुसा झाला होता. ‘निकु’ म्हणजे मांस, त्यात इथल्या लोकांच्या मनात मासा येत नाही. ‘निकु मो साकाना मो दाशी मो दामे देसु’ (मांस, मासा, दाशी काहीच चालत नाही) असं तिन्ही नावं घेऊन सांगा. गार तोफूवरही तेच काप भुरभुरलेले असतात, बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुतेक वेळा हॅम असतं. पुढच्या खेपेला आत्यासाठी एदामामे, गार टोमॅटोच्या फोडी आणि नुसत्या मिठाचा ओनिगिरी मागवला.

बाकीच्या

ओला रुमाल हात पुसायला असतो, तोंड आणि मान पुसायला नाही.

सगळ्यांच्या काराआगेवर न विचारता लिंबू पिळू नका.

एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा उचलतात. आपल्या छोट्या बशीत काढून घ्या.

‘नोमिहोदाई’, म्हणजे ठरलेल्या पैशांत हवं तेवढं पिणं, बहुधा टेबलावरच्या सगळ्यांनी मिळूनच घ्यावं लागतं. वेळ दीड-दोन तास, आणि शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी. न पिणारं कुणी सोबत असेल तर मी ते घेतच नाही, एकेक ग्लास मागवते.