हेवा वाटला की मी काय करते

मैत्रिणीचं चित्र एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं. मी 'अभिनंदन!' लिहून पाठवलं, फोन पालथा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत ब्रशला हात लावला नाही. गंमत म्हणजे मुखपृष्ठाची कामं मी घेतच नाही. मग पोटात तुटलं कशासाठी?

उत्तर मिळालं एनिअग्रॅममधल्या, म्हणजे माणसांचे नऊ स्वभावप्रकार मानणाऱ्या प्रणालीतल्या, चौथ्या प्रकारात. चौथ्याचा विकार असूया आणि गुण समत्व, ही मांडणी ऑस्कर इचाझो यांची; चिलीचे मनोविकारतज्ज्ञ क्लाउदिओ नारान्हो यांनी ती मानसशास्त्राच्या अंगाने वाढवली. या असूयेला वस्तू नको असते. 'सगळ्यांना काहीतरी मिळालंय, माझ्याच वाट्याचं राहून गेलं' ही तिची जुनी रड. म्हणून वस्तू मिळाली तरी ती शमत नाही, उलट मिळालेलं दोन दिवसांत फिकं वाटू लागतं. (या प्रणालीला प्रयोगांचा भक्कम आधार नाही. निदान म्हणून घेऊ नका, स्वतःवर पडताळून बघा.)

पहिलं काम, खरं नाव घ्यायचं. आम्ही चौथे लोक हेव्याला दुःखाचा शालू नेसवण्यात पटाईत. 'आज उदास आहे' असं लिहू नका. 'मला तिचा हेवा वाटतोय' असं लिहा आणि नेमका कशाचा ते शोधा. मला वाटलं होतं, तिच्या प्रसिद्धीचा. चार ओळी लिहिल्यावर कळलं, ती चित्रं पुरी करते याचा! माझ्या खणात अकरा अर्धवट पडली होती.

भावना उसळली की वीस मिनिटं गजर लावून बसते. ती शरीरात कुठे आहे एवढंच बघायचं. माझी घशाशी असते. तिची गोष्ट रचायची नाही, बालपणापर्यंत जायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण गोष्ट रचण्यातच आम्हाला गोडी. आणि त्या वेळात कुणाला मदत करायला धावायचं नाही. ताणात चौथा प्रकार दुसऱ्या प्रकारासारखा वागू लागतो, म्हणजे उपकार करून प्रेमाची वाट बघत बसतो. मी पुष्कळ बसले आहे.

वाढीची वाट पहिल्या प्रकाराकडे जाते: ठरलेलं काम, ठरलेल्या वेळी. सकाळी सात ते आठ मी रंगवते, मन असो वा नसो. 'आतून आलं पाहिजे' ही सबब त्या तासात चालत नाही. कृतज्ञतेच्या याद्या मात्र मला जमल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी यादीच इतरांपेक्षा तोकडी वाटायला लागली.

खणात आता सात उरलीत. परवा तिचं नवं मुखपृष्ठ सकाळीच फोनवर दिसलं. तुटलं, नेहमीसारखंच. सव्वासात झाले होते आणि आकाशाचा राखाडी अजून ओला होता, वाळायच्या आत तो कडेपर्यंत ओढून घेतला.