ग्राउंड निघालं, लेखी निघाली, आणि एका रकान्यात अडकले

पोलीस भरती निघाली की माझा फोन वाजायला लागतो. गावाकडून, चाळीतून, मावशीच्या नणंदेच्या मुलीकडून. प्रश्न एकच: "ताई, ग्राउंडला किती मार्क काढले की जमेल?" निवड झाल्यावर पुढे काय होतं, हे अजून एकीनेही विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं. मी मुंबई पोलीस दलात शिपाई आहे, २०१८च्या भरतीतली. ग्राउंड निघालं, लेखी निघाली, यादीत नाव लागलं. आईने चाळीत पेढे वाटले. आणि माझ्याबरोबरच्या मुली ट्रंका घेऊन ट्रेनिंगला गेल्या त्या दिवशी मी घरी चपात्या लाटत होते.

ग्राउंडचं तुम्हाला माहीत असणारच, म्हणून पटकन सांगते. शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६००, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींचा गोळा ४ किलोचा, मुलांचा ७.२६० किलोचा. आमच्या वेळी लांब उडीही होती, ती गेली. ५० टक्के मिळाले तर पुढे, आणि त्यातूनही एका जागेला दहा जण या हिशोबानेच लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, दीड तास: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. पोरं मार खातात ती व्याकरणात. मराठी आपलीच म्हणून कोणी प्रयोग आणि समास उघडूनच बघत नाही.

मी पूर्व द्रुतगती मार्गाच्या सर्व्हिस रोडवर पहाटे साडेचारला पळायचे. नडगी धरली, महिना गेला. डांबरावर पळू नका, मातीचं मैदान लांब असलं तरी पहिली लोकल पकडून जा. २०२४ला १७,४७१ जागांची भरती होती आणि ग्राउंड जूनमध्ये सुरू झालं, ऐन पावसात. त्यामुळे चिखलात पळायचीही सवय असू द्या. मैदानाच्या कडेला कोणी "ताकदीचं इंजेक्शन" सुचवलं तर तिथून उठून जा. त्या माणसाशी वाद घालत बसू नका, उठून जा. पैसे घेऊन काम करून देतो म्हणणाऱ्यांबद्दल तर लिहायचीही इच्छा नाही. आता टायमिंगला चिप असते, कॅमेरे असतात, तो माणूस फक्त तुमच्या वडिलांचा पीएफ खाणार.

अर्ज भरताना आणखी एक गोंधळ होतो. आरपीएफ, लोहमार्ग पोलीस, राज्य राखीव पोलीस बल, महाराष्ट्र सुरक्षा बल, कारागृह शिपाई, सगळ्यांच्या अंगावर वर्दी म्हणून सगळं एकच वाटतं. आरपीएफ केंद्राची, रेल्वेच्या मालमत्तेची आणि प्रवाशांची राखण करणारी. लोकलमध्ये मोबाईल चोरीला गेला तर गुन्हा नोंदवणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे, मुंबईत त्यांचं आयुक्तालयही वेगळं. राज्य राखीव, म्हणजे एसआरपीएफमध्ये तुकडी कुठेही जाते. सुरक्षा बल म्हणजे मेट्रोवर वगैरे दिसतात ते, त्यांच्याकडे तपास नसतो. तपासाच्या जवळ राहायचं असेल तर शहर, जिल्हा किंवा लोहमार्ग. आणि मुंबईत जागा जास्त म्हणून बीड-लातूरहून मुंबईचा फॉर्म भरणाऱ्यांनो, बदली करून वर्षा-दोन वर्षांत घरी जाऊ, हे डोक्यातून काढा. अर्धी बॅच त्या अर्जाच्या मागे म्हातारी होते.

आता माझा रकाना.

२०१४चा मे. आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायचो. पाणी पहाटे पाऊण तास. नळावरून आई आणि समोरच्या काकूंचं वाजलं, मी मध्ये पडले, हंडा कोणाच्या तरी कपाळाला लागला. कोणाच्या हातातून लागला ते आजही ठरलेलं नाही. दोन्हीकडून पोलीस ठाण्यात तक्रारी, दोन्ही अदखलपात्र, म्हणजे एनसी. हवालदार काकांनी दोन्ही घरांना झापलं, चहा पाजला, घरी पाठवलं. पंधरा दिवसांनी नोटीस आली, कलम १०७ची. मी, आई, काकू आणि त्यांची सून अशा चौघी एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) साहेबांपुढे उभ्या राहिलो, सहा महिने शांतता राखू अशा बंधपत्रावर सह्या केल्या आणि चौघी एकाच रिक्षातून परत आलो. रिक्षाचे पैसे काकूंनी दिले. प्रकरण संपलं. मला अटक नाही, कोर्ट नाही, दंड नाही. मी ते विसरले, आणि हे मी खोटं सांगत नाही, खरंच विसरले.

मुंबईत याला "चॅप्टर" म्हणतात. चॅप्टर केस हा गुन्हा नव्हे, ती प्रतिबंधक कारवाई आहे: पुढे भांडण होऊ नये म्हणून आधीच बांधून घेणं. आयुक्तालयात एसीपीला विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणून हे त्याच्यापुढे चालतं आणि आपल्याला वाटतं की कोर्टात तर गेलोच नव्हतो. दहीहंडीच्या थरावरून, मंडळाच्या वर्गणीवरून, पार्किंगवरून, भावकीच्या बांधावरून किती पोरांवर असा चॅप्टर झालेला असतो, याची त्यांनाच कल्पना नसते. जुन्या कायद्यात १०७, ११०, १५१. १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत तेच १२६, १२९, १७०. नोटिशीवर यातला कुठलाही आकडा दिसला असेल तर पुढचा भाग दोनदा वाचा.

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे अटेस्टेशन फॉर्म, भरून घेतात. लांबलचक असतो. आधीचे पत्ते, शाळा, नातेवाईक, आणि मग एका ओळीत ओळखीचे प्रश्न: अटक झाली होती का, खटला, दंड, शिक्षा. माझ्या नमुन्यात त्याच ओळीत हेही होतं की चांगल्या वर्तणुकीसाठी कधी बांधून घेतलं होतं का. मी तिथे थबकले. नळ आठवला. आमच्या भरतीच्या क्लासचे सर म्हणाले, "अगं वेडी, तो काय गुन्हा आहे? नाही लिही, उगाच फाइल अडकेल." सरांचा फोटो मी तेव्हा स्टेटसला ठेवायचे. मी "नाही" लिहिलं.

नमुना पडताळणीला जातो तो तुमच्या राहत्या पोलीस ठाण्यात. तिथे रजिस्टर असतं. त्या रजिस्टरात तुमचं नाव आहे की नाही हे सरांना माहीत नसतं, पण ठाण्याला माहीत असतं. दीड महिन्याने मला पत्र आलं: माहिती दडवल्याबद्दल खुलासा करा. नीट वाचा, चॅप्टर झाल्याबद्दल कोणीही काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते दडवल्याबद्दल. "होय" लिहून खाली चार ओळींत तपशील दिला असता तर माझ्यासारखं प्रकरण बहुधा एका टिपणीत निघालं असतं. "नाही" लिहिल्यामुळे नळावरचं भांडण बाजूला पडलं आणि मी खोटी ठरले. ज्या नोकरीत उद्या मी पंचनाम्यावर सही करणार, साक्षीला कोर्टात उभी राहणार, तिथे पहिल्याच कागदावर मी खोटं लिहिलं होतं. त्यांचं चुकलं असं मी तेव्हा म्हणत होते, आता नाही म्हणत.

सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग खटल्याचा निकाल आहे, २०१६चा, तीन न्यायाधीशांचा. माहिती खरीच द्यायची, हे त्याचं पहिलं सूत्र. प्रकरण किरकोळ असेल, कोवळ्या वयातलं असेल तर दडवणुकीकडे कानाडोळा करायची मुभा खात्याला आहे, पण तो खात्याचा विवेक, तुमचा हक्क नव्हे. आणि खरं सांगितलं तरी तुमची योग्यता तपासायला खातं मोकळंच असतं. "निर्दोष सुटलो, आता काय" म्हणणाऱ्यांनी तो निकाल कोणाकडून तरी समजून घ्यावा. माझी फाइल समितीपुढे गेली. सात महिने. त्या सात महिन्यांत समोरच्या काकूच माझ्याबरोबर तीनदा कचेरीत आल्या, भांडण मिटलंय असं लेखी द्यायला. शेवटी घेतलं मला, पुढच्या तुकडीत.

तेव्हा अर्ज भरायच्या आधीच, निवडीनंतर नव्हे, एवढं करा. आईवडिलांना विचारा: माझं नाव कधी कुठल्या नोटिशीत होतं का? लहानपणीचंही विचारा. चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून काढता येतं, ते एकदा काढून बघा. पण ते कोरं आलं म्हणून चॅप्टर झालाच नाही असं समजू नका. चॅप्टर झाला असेल तर एसीपी कार्यालयातून बंधपत्राची आणि प्रकरण बंद झाल्याच्या आदेशाची नक्कल मिळवा. नमुन्यात "होय" लिहा, तारीख, कलम, निकाल लिहा, नक्कल जोडा. तारीख आठवत नसेल तर अंदाजे लिहून "अंदाजे" असा शब्द घाला. घाबरू नका. किरकोळ चॅप्टर खरा खरा लिहिला म्हणून घरी बसलेली पोरं मी पाहिलेली नाहीत. लपवून बसलेली पाहिली आहेत, त्यातली एक मी.

गुरूबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं झालंय, पटलं नाही तर सोडून द्या. ज्याने स्वतः कधी पोलिसात हजेरी दिली नाही त्याच्याकडून धावणं शिका, गणित शिका, कागद शिकू नका. तुमच्या चाळीत एखादे पोलीस ठाण्यातले निवृत्त हजेरी मास्तर नाहीतर मुद्देमाल कारकून असतील. कंटाळवाणे असतात, तेच ते किस्से सांगतात. त्यांच्याकडे जा.

नोकरीत आल्यावर तपास, रेड, जीप असलं काही लगेच नसतं. ट्रेनिंगनंतर मुंबईत आधी एल.ए., म्हणजे सशस्त्र पोलीस दल: नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ. तिथे गार्ड, कैदी पार्टी (कैद्यांना कोर्टात नेणं-आणणं) आणि बंदोबस्त. गणपती विसर्जन, ६ डिसेंबरला दादर, ३१ डिसेंबरला चौपाटी. बारा-चौदा तास उभं राहणं, आणि मुलींनी आधीच समजून घ्यावं की बंदोबस्तात स्वच्छतागृह शोधणं हीच अर्धी ड्यूटी असते. मी पहिल्या विसर्जनाला पाणीच प्यायले नाही आणि चक्कर येऊन पडले. पाणी प्या, जवळच्या सोसायटीचा वॉचमन ओळखीचा करून ठेवा. आठ तासांची ड्यूटी २०१६मध्ये देवनार ठाण्यापासून सुरू झाली होती, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना. नंतर कोविडने सगळं विस्कटलं. कागदावर आठ तास असले तरी घरी सांगताना बारा सांगा.

मग पोलीस ठाणं. तिथे बीट मार्शल, समन्स-वॉरंट, कोर्ट ड्यूटी, वायरलेस. साध्या कपड्यातली गोपनीय माहिती काढणारी माणसं आमच्याकडे अजून "मिल स्पेशल" म्हणवतात, गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली तरी. महिला शिपायाच्या वाट्याला मात्र एक काम हमखास येतं: पीडितेबरोबर मेडिकलला जाणं. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) प्रकरणात मुलाचा जबाब वर्दीत घ्यायचा नसतो, म्हणून लॉकरमध्ये एक साधा ड्रेस कायम इस्त्री करून ठेवा. आणि एडीआर. अपमृत्यू. माझी पहिली एडीआर चौदा वर्षांच्या मुलाची होती, शवविच्छेदन होईपर्यंत त्याच्या आईजवळ मी बसले होते. त्याबद्दल कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत आणि मलाही इथे धड सांगता येत नाहीये.

पगार: मूळ २१,७०० पासून, वर भत्ते. सरकारी घरासाठी प्रतीक्षा यादी. फौजदार व्हायचं असेल तर पदवी पूर्ण करून एमपीएससी द्या, नोकरीत राहूनही देतात. नुसत्या बढतीच्या वाटेवर शिपाई, हवालदार, सहायक फौजदार असं करत केस पांढरे होतात.

समोरच्या काकूंचा नातू यंदा फॉर्म भरतोय. दोन वर्षांपूर्वी दहीहंडीवरून त्याचा चॅप्टर झालाय, त्याला १२६ की १०७ तेही आठवत नाही. बंधपत्राची नक्कल आणायला पाठवलंय. काल तिसऱ्यांदा हात हलवत आला, क्लार्क रजेवर आहे म्हणे. सोमवारी माझी रात्रपाळी आहे, सकाळी सुटले की परस्पर त्याच्याबरोबर जाईन.