या चुका टाळा: कंपाइल टाइमला एक उत्तर, रनटाइमला दुसरंच

सी++ मधलं फंक्शन अगदी साधं होतं: 32 बिटांच्या संख्येत सुरुवातीची शून्यं किती, ते मोजायचं. कंपाइल टाइमसाठी (कोडचा प्रोग्रॅम बनतानाच्या मोजणीसाठी) मी लूप लिहिला, रनटाइमसाठी (प्रोग्रॅम चालतानाच्या मोजणीसाठी) कंपाइलरचं बिल्ट-इन, म्हणजे त्यात आधीच असलेलं फंक्शन, वापरलं. इनपुट 0 आलं की लूप 32 सांगायचा. बिल्ट-इनचं 0 साठीचं उत्तर मात्र ठरलेलंच नसतं. एक्स86 प्रोसेसरवर बिल्डच्या फ्लॅगनुसार (कंपाइलरला दिलेल्या सेटिंगनुसार) एलझेडसीएनटी ही इन्स्ट्रक्शन निघाली तर 32 मिळायचे, जुनी बीएसआर निघाली तर काहीही. दोन दिवस मी कॅशेला दोष देत बसलो!

दोन वाटा ठेवायला हरकत नाही, पण 0, ऋण संख्या, कमाल मूल्य यांचा निकाल वाटा फुटण्याआधीच लावा. या कामासाठी तर सी++ 20 मध्ये तयार ‘काउंटएल झिरो’ आहे, ते 0 लाही नीट उत्तर देतं.

आपण कोणत्या वाटेवर आहोत, म्हणजे मोजणी कंपाइल टाइमला चालू आहे का, हे ‘इज कॉन्स्टंट इव्हॅल्युएटेड’ सांगतं. ते ‘इफ कॉन्स्टएक्स्पर’च्या कंसात टाकणं ही नेहमीची चूक. ती अट कंपाइल टाइमलाच तपासली जाते, म्हणून कायम खरी ठरते आणि रनटाइमची फांदी कधी चालतच नाही. वॉर्निंग येते, पण ती वाचतो कोण? साधा ‘इफ’ लिहा किंवा सी++ 23 मधलं ‘इफ कॉन्स्टेव्हल’ वापरा. शिवाय स्थानिक इंटिजर व्हेरिएबलपुढचा ‘कॉन्स्ट’ काढला तर तेच फंक्शन दुसऱ्या वाटेने जाऊ शकतं. रिव्ह्यूमध्ये हा बदल निरुपद्रवी दिसतो.

टेस्टचंही तसंच. फक्त स्टॅटिक असर्ट (कंपाइल टाइमलाच होणारी तपासणी) लिहिलेत तर रनटाइमची वाट तपासलीच जात नाही. साध्या टेस्टमध्ये थेट आकडे दिले तर ऑप्टिमायझर ते आधीच मोजून टाकू शकतो. इनपुटचं एकच टेबल ठेवा. ते एकदा स्टॅटिक असर्टमधून आणि एकदा व्होलाटाइल व्हेरिएबलमधून (ज्याची किंमत ऑप्टिमायझर गृहीत धरू शकत नाही) फिरवा. रस्ट या भाषेत त्यासाठी ‘ब्लॅक बॉक्स’ आहे.

ओव्हरफ्लोबद्दल (उत्तर ठरलेल्या बिटांत न मावणं) थोडक्यात: रस्टमध्ये कॉन्स्ट मोजताना तो झाला तर बिल्ड थांबतं, डीबग बिल्डमध्ये पॅनिक होतो, म्हणजे प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो, रिलीज बिल्डमध्ये मूळ सेटिंगनुसार आकडा गुपचूप फिरून येतो. काय व्हायला हवं ते ‘रॅपिंग अ‍ॅड’ (आकडा फिरू देणारी बेरीज) किंवा ‘चेक्ड अ‍ॅड’ (ओव्हरफ्लो तपासणारी बेरीज) लिहून स्पष्ट करा.

दशांशांच्या बाबतीत मी हट्ट सोडला आहे. जीसीसी हा कंपाइलर स्थिर आकड्याचा साइन एमपीएफआर या गणिती लायब्ररीने काढतो, रनटाइमला तेच काम सिस्टिमची मॅथ लायब्ररी करते. शेवटच्या बिटात फरक पडू शकतो. बिट-न्-बिट जुळायलाच हवं असेल तर टेबल एकदाच तयार करा आणि दोन्हीकडे तेच वापरा.

पण टेबल रस्टच्या बिल्ड स्क्रिप्टमधून (बिल्डच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) काढत असाल तर जपून. स्क्रिप्ट बिल्ड करणाऱ्या मशीनवर चालते, त्यामुळे तिथला ‘यूसाइझ’ (पॉइंटरइतक्या रुंदीचा पूर्णांक) त्या मशीनचा असतो. 64 बिटांच्या लॅपटॉपवरून 32 बिटांच्या बोर्डासाठी बिल्ड करताना हे हमखास निसटतं. टार्गेटच्या, म्हणजे ज्यासाठी बिल्ड करताय त्या बोर्डाच्या, पॉइंटरची रुंदी कार्गो (रस्टचं बिल्ड टूल) एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमधून देतो, तिथूनच घ्या.