अंधारात एकट्याने धावताना

रस्त्याच्या उजव्या कडेने धावा, म्हणजे जवळच्या गाड्या समोरून येतात आणि दिसतात. नुसता पांढरा टी-शर्ट पुरत नाही. चमकणाऱ्या पट्ट्या घोट्यांना नि गुडघ्यांना बांधा. हलणारे पाय दिसले की चालकाला माणूस चटकन ओळखू येतो.

निघताना व्हॉट्सॲपवर घरच्यांना १ तासाचं लाइव्ह लोकेशन पाठवा. इअरफोन घालायचाच असेल तर फक्त उजव्या कानात. डावा रहदारीसाठी मोकळा.

खरी कटकट कुत्र्यांची. पळालात तर ती पाठलाग करणारच. थांबा, नजर भिडवू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका.

कुणी मागावर असल्याचा संशय आला तर घराकडे वळू नका, त्याला पत्ता कळेल. उघडं मेडिकल किंवा पेट्रोल पंप गाठा आणि ११२ लावा.