नवरा-बायकोने मिळून ट्रायथलॉन करायची असेल तर

दोघांनी एकाच ट्रायथलॉनला (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं) उतरायचं ठरलं की फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट बोलून मोकळे व्हा. स्पर्धेत शेवटपर्यंत बरोबर राहायचं, की शिट्टी वाजली की ज्याने त्याने आपल्या वेगाने सुटायचं? मी आणि माझा नवरा अशा हौशी स्पर्धा अनेकदा एकाच दिवशी करत आलोय आणि माझं मत पक्कं आहे: तयारी दोघांची मिळून, स्पर्धा ज्याची त्याची. बरोबर राहायचा हट्ट धरलात तर पोहण्यात पुढे असलेला ओल्या अंगाने सायकलपाशी ताटकळतो, मागचा ‘माझ्यामुळे थांबावं लागतंय’ म्हणून जिवाच्या आकांताने हातपाय मारतो, आणि सायकलवर बसण्याआधीच त्याचा दम संपलेला असतो.

पहिल्या वेळी स्प्रिंट निवडा. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिक अंतर याच्या बरोब्बर दुप्पट असतं, ते पुढच्या खेपेला. काही स्पर्धांमध्ये याहून छोटा प्रकारही असतो. अंतर ठरवताना दोघांपैकी ज्याचं पोहणं कच्चं आहे त्याच्याकडे बघून ठरवा. सायकल आणि धावणं दमलात तर हळू करता येतं, पाण्यात तेवढी सोय नाही. रिलेत संघ म्हणून उतरायचा मोह होईल, पण रिलेत ज्याला जे येतं तेच तो करतो. पोहायला घाबरणारा मग कधीच पाण्यात उतरत नाही.

सरावाच्या वेळा आधी वाटून घ्या. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर दोघं एकदम बाहेर पडूच शकत नाही, हे गृहीत धरून आठवडा आखा. आमच्याकडे आठवड्यातला एक लांबचा सराव त्याचा, एक माझा, आणि त्या दिवशी दुसऱ्याने घर सांभाळायचं. त्यावर त्या दिवशी चर्चा नाही. स्पर्धेच्या दिवशी मात्र दोघंही आत असणार, तेव्हा मुलांपाशी थांबणारं तिसरं माणूस नाव नोंदवतानाच ठरवून टाका.

दोघं असण्याचा खरा फायदा पाण्यात आहे. उघड्या पाण्यात (तळं, नदी, समुद्र) एकट्याने सराव करू नये, हा नियम एरवी पाळायला अवघड जातो. जोडीने तो आपोआप पाळला जातो. काठाला समांतर पोहा, आलटून पालटून. एक पाण्यात, दुसरा काठाने चालत नजर ठेवून. काठावरच्याला पोहणाऱ्याला स्वतःला कधीच न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. माझा नवरा दिशा बघायला अख्खं डोकं वर काढायचा. डोकं वर आलं की कंबर खाली, पाय खाली, आणि पुढचे चार हात नुसतं शरीर पुन्हा आडवं करण्यात जायचे. मी त्याला सांगितलं, मगरीसारखे फक्त डोळे पाण्याच्या वर आण, समोरचं झाड बघ आणि श्वास नेहमीसारखा बाजूलाच घे. दर सहा-आठ हातांनी एकदा एवढं पुरतं. सरळ रेषेत पोहलात तर जादा अंतर कापावं लागत नाही.

घाबरायला झालं तर काय करायचं, याचाही सराव करा. सगळे एकदम पाण्यात उतरले की लाथा लागतात, छाती आवळल्यासारखी होते. उताणे व्हा, तोंड आकाशाकडे, श्वास लांब सोडा. सोडा म्हणतेय, कारण घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो. तरी बरं वाटलं नाही तर हात वर करा, बचावाची होडी येते. ती धरून विसावा घेता येतो. तिने तुम्हाला पुढे ओढून नेलं नाही, तर साधारणपणे स्पर्धेतून बाद होत नाही. हे दोघांनाही तोंडपाठ असू द्या. स्पर्धेत जोडीदार तुमच्या शेजारी नसणार.

सायकलवर नवरा-बायकोंना एक सवय नडते. सरावात आपण एकमेकांच्या मागे चाक लावून जातो, पुढचा वारा कापतो, मागच्याला सोपं पडतं. बहुतेक हौशी स्पर्धांमध्ये याला बंदी असते. स्प्रिंट आणि ऑलिंपिक अंतराला नेहमीचा नियम असा: पुढच्याच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १० मीटर अंतर हवं, आणि त्या पट्ट्यात शिरलात तर २० सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. शेजारी-शेजारी गप्पा मारत जाणंही चालत नाही, मागच्यांची वाट अडते. म्हणून स्पर्धेच्या आधीचे काही आठवडे मुद्दाम अंतर ठेवून चालवा. १० मीटर एकदा रस्त्यावर मोजून खुणा करा आणि डोळ्यांत बसवा. अंदाजाने धरलेलं अंतर नेहमी कमीच निघतं.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. पहिली काही मिनिटं पाय आपले वाटतच नाहीत, आणि ते स्पर्धेत पहिल्यांदा कळायला नको. जोडीसाठी माझा सगळ्यात आवडता सराव हाच, कारण वेग वेगळे असले तरी तो एकत्र संपवता येतो. किलोमीटर मोजू नका, घड्याळ बघा. दोघांनी एकदम निघायचं, दहा मिनिटं पुढे, मग जिथे असाल तिथून वळायचं आणि त्याच वेगाने परत. जलद पळणारा लांब जाऊन येतो, हळू पळणारा जवळून वळतो, आणि सुरुवातीच्या जागी दोघं जवळपास एकाच वेळी पोचतात. कुणी कुणासाठी थांबत नाही.

कपडे-सायकल बदलायच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. इथे मिनिटं वाया जातात आणि थोड्याशा सरावाने ती परत मिळवता येतात. अंगणात किंवा गच्चीवर सायकल उभी करा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे उघडे, गॉगल त्यात. बूट तोंड उघडून, नंबरचा पट्टा (कमरेला बांधायचा, त्यावर स्पर्धक क्रमांक असतो) वरच. एकाने करायचं, दुसऱ्याने घड्याळ घेऊन बघायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर एकच सूचना द्यायची. मी नंबरचा पट्टा उभ्याने लावत होते. नवरा म्हणाला, ‘अगं, तो सायकल ढकलत जाण्याआधी कशाला, धावायला निघालीस की लाव.’ आमच्या स्पर्धेत सायकलवर नंबर लागत नव्हता म्हणून ते चाललं. जिथे लागतो तिथे सायकलवर तो पाठीवर, धावताना पोटावर. हेल्मेटचं बक्कल मात्र सायकलला हात लावण्याआधी बंद, आणि सायकल परत जागेवर अडकवेपर्यंत उघडायचं नाही. तेवढ्यावरूनही शिक्षा होते.

आदल्या रात्री दोन वेगळ्या पिशव्या भरा, सामाईक काहीही नको. दोन्ही चिपांवरचे (वेळ नोंदवायला अंगावर बांधायच्या) नंबर बिबशी, म्हणजे अंगावरच्या नंबराच्या कागदाशी, एकमेकांनी ताडून बघा. चिपा बदलल्या तर त्याची वेळ तुमच्या नावावर लागेल. दोघांच्या चाकांचा आकार आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह (हवा भरायचं तोंड) एकच आहे का तेही पाहा. एकाचा बारीक, दुसऱ्याचा जाड असेल तर जाड व्हॉल्व्हची ट्यूब बारीकच्या भोकात बसणार नाही. प्रत्येकाने आपली ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप बाळगायचा.

मदतीचे नियम दोघांनी एकत्र वाचा. ट्रायथलॉनच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार त्याच स्पर्धेतला स्पर्धक दुसऱ्याला पाणी, ट्यूब, पंप देऊ शकतो. पण स्वतःचं चाक किंवा सायकल देऊन स्वतः अडकून पडायचं नाही. हाताला धरून पुढे नेणं, ढकलणं बंद आहे. २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या स्पर्धेत ब्रिटनच्या अ‍ॅलिस्टर ब्राउनलीने उन्हाने कोसळायला आलेल्या भावाला, जॉनीला, आधार देत शेवटच्या रेषेपलीकडे नेलं. तेव्हा ते नियमात बसलं. आज दोघंही बाद होतील. आम्ही आधीच ठरवलंय: दुसरा रस्त्याकडेला पंक्चर काढताना दिसला तर ‘बरा आहेस ना?’ विचारायचं, अंगठा वर दिसला की पुढे जायचं. पडला असेल, रक्त असेल, बोलणं अडखळत असेल तर थांबायचं, मग वेळ गेली खड्ड्यात.

हातात हात घालून शेवटची रेषा ओलांडायची इच्छा प्रत्येक जोडप्याला असते. मलाही आहे. पण २०१९ मध्ये टोकियोत ऑलिंपिकच्या चाचणी स्पर्धेत ब्रिटनच्या जेसिका लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन अशाच हातात हात घालून पहिल्या आल्या आणि दोघी बाद झाल्या, कारण ठरवून बरोबरी करणं नियमात बसत नाही. छोट्या स्थानिक स्पर्धेत आयोजक बहुधा काही म्हणणार नाहीत, तरी सकाळच्या सूचनांच्या वेळी विचारून घ्या. त्याच वेळी तुमच्या पोहण्याच्या तुकड्याही विचारा. अनेकदा वयानुसार किंवा स्त्री-पुरुष अशा वेगळ्या तुकड्या सुटतात. मग आधी सुटलेला कोण आणि किती मिनिटांनी, हे माहीत असलं की वाटेत एकमेकांना शोधत मान वळवावी लागत नाही.

पहिला पोचलेल्याने रेषेवर थांबू नये, मागून पळत येणाऱ्यांना धडक बसते. पुढे जाऊन पाणी घ्यावं, चिप परत करावी, कोरडे कपडे चढवावेत आणि कठड्यापाशी येऊन नावाने हाक मारावी. सायकली आणायला दोघांनी एकदमच जा. बाहेर नेताना अंगावरचा नंबर आणि सायकलवरचा नंबर जुळतो का ते बघतात, त्यामुळे दुसऱ्याची सायकल तुम्हाला सोडवून आणता येणार नाही.