बाग, कुत्रा आणि रानातले पाहुणे: या चुका टाळा

आमचा कुत्रा भुंग्या दीड वर्षाचा असताना त्यानं एका दुपारी गुलाबाचा अख्खा वाफा उकरून काढला आणि मी त्याला खूप ओरडले. पण चूक माझी होती. आदल्या संध्याकाळी मीच त्या मातीत बोनमील (हाडांचा चुरा) आणि एरंडीची पेंड मिसळली होती. रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे जुलाबात रक्त दिसलं, मग दोन दिवस सलाईन. वाचला तो, पण जिभेचा रंग उतरलेला आणि शेपूट हलवायचीही ताकद नाही, असा तो टेबलावर पडलेला मला अजून दिसतो.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की आपण बाग डोळ्यांनी बघतो आणि कुत्रा ती नाकानं बघतो हे विसरून खतं आणि औषधं टाकतो. बोनमीलचा वास म्हणजे त्याच्यासाठी पुरलेलं हाड, तो उकरणारच, आणि त्याच्यासोबत पेंडही पोटात जाते. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं जबरदस्त विष असतं, तेल गाळलं की ते तेलात न जाता पेंडीत राहतं, कारखान्यात नीट उष्णता दिली तर निकामी होतं पण दिली की नाही हे पोतं बघून आपल्याला कळणार कसं? घरात कुत्रा असेल तर ही पेंड आणूच नका, चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत वापरा. आणि कंपोस्टच्या खड्ड्याला झाकण हवंच, कारण अर्धवट कुजलेल्या अन्नावरची बुरशी खाऊन कुत्र्यांना कापरं भरतं, झटकेसुद्धा येतात.

गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही अशाच, कुत्रे त्या आवडीनं खातात आणि थोड्याच वेळात थरथर सुरू होते. उंदराच्या औषधाचं उलटं आहे. रक्त गोठू न देणारं जे औषध असतं त्यानं कुत्रा दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसतो, आपण निर्धास्त होतो आणि मग हिरड्या पांढऱ्या पडतात, आतून रक्तस्राव चालू झालेला असतो. त्यामुळे खाल्ल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट बघत बसू नका, पाकीट सोबत घेऊन लगेच डॉक्टरकडे जा, वेळेत गेलं तर व्हिटॅमिन के1 देऊन वाचवता येतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानंच कुत्रे दगावतात. आणि तोच विष खाल्लेला, धडपडत चालणारा उंदीर रात्री गव्हाणी घुबड उचलतं. म्हणजे जो पक्षी फुकटात उंदीर कमी करत होता त्यालाच आपण मारलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सापांबद्दल. वेलींना आणि भाज्यांना लावलेली बारीक नायलॉनची जाळी जमिनीवर लोळत ठेवणं ही फार कॉमन चूक आहे, धामण त्यात शिरते आणि जितकी सुटायला बघते तितकी जाळी खवल्यांत रुतते. जाळी जमिनीपासून वीतभर वर बांधा आणि सीझन संपला की काढून ठेवा. विटा आणि लाकडांचे ढीग घराच्या भिंतीला लावून नकोत. कुत्रा एकाच जागी उभा राहून भुंकतोय, पुढे-मागे करतोय असं दिसलं तर काठी घेऊन धावू नका, लांबूनच त्याला हाक मारून आत घ्या. साप कुत्र्याला चावलाच तर (बहुतेक वेळा नाकातोंडावर किंवा पुढच्या पायावर चावतो) पट्टा काढा, त्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि निघा. दोरी बांधणं, ब्लेड मारणं, बर्फ लावणं यात फक्त वेळ जातो आणि इजा वाढते.

पावसात कुत्रा भेक (खडबडीत, विषारी कातडीचा बेडूक) तोंडात धरून फेस काढत आला तर डोकं खाली झुकवून ओल्या फडक्यानं हिरड्या आणि जीभ पुसा, पाणी मारलं तर ते बाहेर पडायला हवं, घशात जाता कामा नये. लडखडायला लागला तर मात्र डॉक्टर.

लसींची टाळाटाळ करू नका. रेबीज तर आहेच, पण उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या डबक्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आणि डिस्टेंपर हा विषाणूचा आजार कुत्र्यांकडून रानातल्या जनावरांकडेही जातो. 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या जंगलात डिस्टेंपरनं जवळजवळ एक तृतीयांश सिंह मेले आणि आजूबाजूच्या गावकुत्र्यांशी त्याचा संबंध जोडला गेला. आपल्या कुत्र्याची लस ही रानाचीही काळजी आहे. गोचीड रोज बघा, कानात, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. चिमट्यानं कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची, रॉकेल नाही, चटका नाही.

उकरण्याची सवय मोडायच्या मागे लागू नका, त्याला सावलीत एक वाळूचा कोपरा द्या, त्यात त्याच्या वस्तू पुरा, वाफ्यांचं उकरणं बरंच कमी होतं. कुंपणाच्या कडेनं त्यानं पाडलेली पायवाट असते ना, तिथं रोपं लावलीत तर दर वेळी तुडवली जाणार, ती वाट सोडून लावा. आणि पक्ष्यांमागे पळून परत आल्यावर रागावलात तर तो एवढंच शिकतो की परत आलं की ओरडा बसतो, पुढच्या वेळी येणारच नाही. दहा मीटरची लांब दोरी लावा, एकदा हाक मारा, आला की हातात खाऊ, महिनाभर नेटानं करा.

आमच्याकडे हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते टिटवीच्या वेळी. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर खडे गोळा केलेला एक उथळ खळगा, त्यात मातीच्या रंगाची चार अंडी, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ती डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली की समजा घरटं जवळ आहे, लगेच मागे फिरा आणि सगळीकडून दहा पावलं सोडून खुंट्या ठोकून दोरी बांधा. पहाटेचा एक तास बाग पक्ष्यांसाठी ठेवा, कुत्र्याला त्यानंतर सोडा, तेही दोरीवर. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात आणि पिल्लं बाहेर पडली की काही तासांत आईमागे चालायला लागतात, एकदोन दिवसांत जागा सोडतात, मग खुंट्या उपटून ठेवल्या की झालं.